काकांनी झोपून पाहिलेली मॅट

डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करायचा म्हणून परवा सीताबर्डीवर मॅट घ्यायला गेलो. स्लीपिंग बॅग आहे, पण ती अंगाखाली दबते, तिच्यातली हवा जाते आणि जमीन रात्रभर आपली ऊब ओढत बसते. म्हणून खाली मॅट. ती किती थंडी अडवते हे 'आर व्हॅल्यू'त मोजतात. बर्फावर झोपायचं तर चारच्या वर हवी, एवढं पाठ करून गेलो होतो.

"आर व्हॅल्यू किती?"

दुकानदारानं पाकीट उलटंपालटं केलं. "सहा फूट."

कूलर घेताना टाकी किती लिटरची, हे इथलं शेंबडं पोरही विचारतं. आर व्हॅल्यू मोजायची एकच पद्धत २०१८ मध्ये ठरली, पण आपल्या पाकिटावर छापलेलं काय, तर हसणारी गोरी बाई!

शेजारी एक काका बॅगेची चेन बदलून घेत होते. "थंडीची गादी? नागपुरात? काय बाप्पा!"

माझा स्वाभिमान दुखावला. म्हटलं, २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा साडेतीनवर आला होता.

"मंग त्या राती आम्ही मेलो का? फोड नं रे पाकीट, पाहू तं दे."

त्यानं फोडलं. काका थेट तोंडानं फुगवायला लागले. मी म्हटलं, "काका, तोंडानं नको, श्वासातली वाफ आत जाते."

"वाफ? मी का कुकर आहो का?"

मग चपला काढून ते दुकानाच्या मधोमध आडवे झाले. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जाऊ लागली. एका बाईंनी मलाच विचारलं, "यांना चक्कर आली का?" काकांचे डोळे मिटलेले. "आमच्या भंडाऱ्याकडं तणस आंथरत होतो. फुकट."

चीड याची, की माणूस बरोबर होता. तणसाच्या काड्यांत हवा अडकून पडते, आणि अडकलेली हवाच थंडी थोपवते. नुसत्या फुग्यात ती आतल्या आत फिरते आणि ऊब जमिनीला नेऊन देते. या मॅटच्या पोटात काही भरलंय का, हे विचारायला मी वाकलो, तर काका घोरत होते!

दहा मिनिटांनी मीच हात देऊन उठवलं. "पाठीले मस्त आहे. पण महाग सांगून राह्यला," म्हणाले, आणि चेन लावलेली बॅग घेऊन गेले.

मी निघालो, तर दुकानदार आडवा. "साहेब, पाकीट तुमच्यासाठी फोडलं."

"झोपले ते!"

"पण मागितली तुम्ही नं."

दोन हजार आठशे मोजले. मॅट हॉलमध्ये पडून आहे. उशाकडे खोबरेल तेलाचा गोल डाग आहे, आर व्हॅल्यू अजून सहा फूटच आहे, आणि आतला श्वासही काकांचाच, कारण वॉल्व्ह कसा उघडतात ते मला जमत नाहीये.