शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नका हो!

आज डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, सहन करा.

सकाळी साडेनऊला वारज्याच्या पुलाखाली एक पोरगा गाडीवरून घसरून पडला. विशीतला असेल. मी पोचेपर्यंत पंधरा-वीस जण गोळा, त्यातले चार शूटिंग करणारे. एकाने काखेत हात घालून त्याला बसतं केलेलं, दुसरा हेल्मेट ओढतोय, आणि एक बाई बाटलीचं झाकण उघडून त्याच्या तोंडाशी. पोराचे डोळे अर्धे मिटलेले, मान कललेली, नुसता कण्हत होता. मी किंचाळलेच, "पाणी नको!" मीच त्याला उडवलंय अशा नजरेने सगळे बघायला लागले.

"अहो मॅडम, पाणी पाजलं तर पुण्य लागतं," एक काका.

कसलं डोंबलाचं पुण्य! शुद्धीवर नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरतं, तिथून फुप्फुसात. शेवटच्या घटकेला आपण तोंडात गंगाजल घालतो, ठीक आहे. जगवायचं असतं तेव्हाही तेच?

मी एवढी का चिडते, ते जवळच्यांना माहीत आहे. 1998 चा मे. कराडजवळ आमच्या गावी अप्पा दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या कलंडले. तोंड वाकडं, बोलणं बोबडं, उजवा हात लुळा. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी तळपाय चोळले, कुणीतरी ओरडलं, "पाणी आणा." तांब्या घेऊन धावले ती मी. पाणी पाजलं ते मी. त्यांना ठसका लागला तेव्हा मला बरं वाटलं होतं. हालचाल झाली ना, म्हणून.

आणि हे कांदा प्रकरण तर मला कधीच कळलेलं नाही. फिट आली की कांदा, चप्पल, दातात चमचा. चमच्याने दात तुटतात, फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेली तर 108. भाजलं की टूथपेस्ट! नळाखाली वीस मिनिटं हात धरायला कुणी तयार नाही, कारण त्यात काही केल्यासारखं वाटत नाही.

हो, उन्हाने चक्कर आलेल्या, नीट बोलणाऱ्या माणसाला पाणी द्यावंच. आणि 108 कधी कधी वेळेवर येत नाही, हेही मान्य. पण "पोलिसांचं लचांड नको" हे आता सांगू नका. मदत करणाऱ्याला नावगाव सांगायची सक्ती करता येत नाही, 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे ते.

अप्पांना दवाखान्यात न्यायला संध्याकाळ झाली. तेव्हा गावात 108 कुठली, ती राज्यात आली 2014 ला. जीप मिळेपर्यंत एरंडेल तेलाने मालिश चालू होतं. आज अर्धांगवायूवर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत लागतं. तोंड वाकडं दिसलं की मालिश नाही, गाडी काढायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि विचारलं, "पाणी पाजलं होतं का कुणी?" कुणीच बोललं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. नवव्या दिवशी अप्पा गेले. झटका मोठा होता, तसेही गेले असते असं सगळे म्हणतात. म्हणू देत.

हे लिहिता लिहिता राग उतरतोय खरा. ती बाटलीवाली बाई म्हणजे तांब्या घेतलेली मीच की. सकाळी मी ओरडल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, "मग मी काय करू ताई?" पोराला तसंच सावकाश आडवं करवलं, एकाला त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायला लावलं, हेल्मेटला हात लावू दिला नाही. श्वास चालू होता. पिंढरीतून रक्त वाहत होतं. तिला म्हटलं, ओढणीची घडी करा आणि दाबून धरा, थांबलं का म्हणून उचलून बघू नका. बाईने पंचवीस मिनिटं ओढणी उचलली नाही. गुडघे डांबरावर, हात थरथरतायत, पण उचलली नाही.

गाडी पोराला घेऊन गेल्यावर तिने ती बाटली माझ्यापुढे धरली. "आता तुम्ही तरी प्या."

सगळी संपवली.