सूर्यनमस्कारावर जन्माचा हक्क सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सूर्यनमस्काराविषयीचा एक लांबलचक संदेश पुन्हापुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बारा स्थितींचा सूर्यनमस्कार पाच हजार वर्षांपूर्वी ऋषींनी सिद्ध केला आणि पतंजलींनी तो जसाच्या तसा सांगितला, गोऱ्यांनी तो चोरला, त्यावर त्यांनी मालकी हक्क नोंदवले, आणि जो जन्माने हिंदू नाही अशा शिक्षकाकडून तो शिकणाऱ्याला फळ तर मिळत नाहीच, उलट दोष लागतो. टोरांटोत राहणारी माझी धाकटी बहीण बाळंतपणानंतरच्या पाठदुखीसाठी तिथल्याच एका कॅनेडियन बाईंच्या वर्गाला जात होती आणि तिला चांगला आराम पडला होता. आमच्या आत्याने हा संदेश वाचून तिला फोन केला आणि वर्ग सोडायला लावला. संदेश नुसता वाचून सोडून देण्याजोगा असता तर मी हे लिहिले नसते.

शेवटचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो. योगाचे फळ साधकाच्या जन्मावर अवलंबून असते, हे म्हणणे ज्या परंपरेच्या नावाने केले जात आहे, त्या परंपरेचे ग्रंथच ते खोडून काढतात. दत्तात्रेयांच्या मुखी घातलेला ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ हा हठयोगावरील अगदी सुरुवातीच्या ग्रंथांपैकी एक. अभ्यासक तो साधारण तेराव्या शतकातला मानतात. त्यात स्वच्छ म्हटले आहे: ‘ब्राह्मणः श्रमणो वापि बौद्धो वाप्यार्हतोऽथवा । कापालिको वा चार्वाकः श्रद्धया सहितः सुधीः ॥’ असा जो कोणी नित्य योगाभ्यास करील त्याला सिद्धी मिळेल. या यादीत बौद्ध आहेत, जैन आहेत, आणि वेद व परलोक दोन्ही नाकारणारा चार्वाकही आहे. ज्या ग्रंथकाराने नास्तिकालाही दार मोकळे ठेवले, त्याच्या नावावर आज कॅनडातल्या एका शिक्षिकेला अपात्र ठरवण्याचा अधिकार कोणाला पोचतो? पुढे पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेनेही तोच धागा धरला: ‘न वेषधारणं सिद्धेः कारणं न च तत्कथा । क्रियैव कारणं सिद्धेः’. वेष घेतल्याने किंवा योगाच्या गोष्टी सांगितल्याने काही साधत नाही, करणाऱ्यालाच साधते.

अधिकार जन्माने मिळतो हा युक्तिवाद महाराष्ट्राला नवा नाही. वेदाक्षरे घोकण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे तुकोबांना स्वतःच्या अभंगात लिहावे लागले. स्त्रियांना आणि शूद्रांना याच न्यायाने शतकानुशतके मंत्रांपासून दूर ठेवले गेले. तोच न्याय आता परदेशी माणसाला लावला की तो अभिमानास्पद कसा होतो, हे मला खरोखर समजत नाही. माझ्या आत्याच्या आजीला समंत्रक नमस्कार घालण्याची परवानगी याच न्यायाने मिळाली नसती.

आता पाच हजार वर्षांविषयी. पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात आसनावर तीन सूत्रे आहेत आणि त्यांत सूर्यनमस्काराचा उल्लेखही नाही. हठप्रदीपिकेत पंधरा आसने सांगितली आहेत, त्यांत तो नाही. त्याच ग्रंथावरच्या ‘ज्योत्स्ना’ या एकोणिसाव्या शतकातील टीकेत मात्र सूर्यनमस्कार येतो. टीकाकार ब्रह्मानंद पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि जड ओझी वाहणे यांना एकाच ओळीत बसवतो आणि शरीराला क्लेश देणाऱ्या या गोष्टी साधकाने टाळाव्यात, असे सांगतो. म्हणजे ज्याला संदेश योगाचा प्राचीन गाभा म्हणतो, त्याला हठयोगाचा हा भाष्यकार योगसाधनेबाहेरचे कष्ट मानत होता. सूर्योपासना वेदकालीन आहे, साष्टांग नमस्कार जुना आहे, तालमीतले दंड जुने आहेत, समर्थ रामदास नमस्कार घालत असत असे परंपरा सांगते; हे सर्व मान्य. पण आज शाळांत आणि वर्गांत शिकवला जाणारा स्थितींचा क्रम घराघरांत पोचला तो विसाव्या शतकात, आणि त्याचे मोठे श्रेय सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे आहे. त्यांनी तो संस्थानच्या शाळांत सक्तीचा केला, त्यावर पुस्तके लिहिली आणि स्त्रियांनीही तो घालावा असा आग्रह धरला. त्यांच्या पद्धतीत स्थिती दहा होत्या. बारा स्थितींचा क्रम अनादि असता तर या राजाने त्यातल्या दोन गाळल्या असे तरी म्हणावे लागेल.

चोरीच्या आरोपाचे उत्तरही औंधातच आहे. १९३६ साली इंग्लंडला गेलेल्या या राजांनी तिथल्या पत्रकारांना आपला व्यायाम स्वतः समजावून सांगितला, आणि लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या सहकार्याने १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. म्हैसूरला योगशिक्षक कृष्णम्माचार्यांनी इंद्रा देवी या युरोपीय स्त्रीला शिष्य करून घेतले. पुण्यातून योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९५० च्या दशकात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून युरोपात गेले. ही विद्या देणाऱ्यांनी हाताने दिली आहे. जिथे समाजाने दिलेच नाही तिथली गोष्ट वेगळी असते: अमेरिकेतील लकोटा या मूळनिवासी लोकांनी १९९३ मध्ये आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीर घोषणापत्र काढले, आणि २००९ मध्ये अॅरिझोनात एका बाहेरच्या माणसाने भरमसाट शुल्क घेऊन चालवलेल्या, मूळनिवासींच्या धर्तीवरच्या स्वेदविधीत (तापवलेल्या बंद तंबूत बसून घाम काढण्याच्या विधीत) तीन माणसे दगावली. त्या अन्यायाची भाषा उचलून औंधच्या राजाने आपखुशीने दिलेल्या व्यायामाला चिकटवणे, हा लकोटा लोकांवरही अन्याय आहे.

मालकी हक्काचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. सव्वीस आसनांच्या ठरावीक क्रमावर अमेरिकेत कॉपीराइट सांगणारे बिक्रम चौधरी मूळचे कोलकात्याचे होते, आणि तो दावा तिथल्याच अपील न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला.

एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती मला, नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. परदेशातल्या पुष्कळ वर्गांत सूर्यनमस्कार जणू तिथेच उगवला अशा थाटात शिकवला जातो, गुरूंची व गावांची नावे गाळली जातात, आणि देवतांची चित्रे पायाखालच्या चटयांवर छापून विकली जातात. याबद्दल तिथल्या शिक्षकांना जाब विचारायला हवा. पण हा संपूर्ण संदेश मी काळजीपूर्वक वाचला, तेव्हा त्यातही औंधचे नाव कुठे नव्हते आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींचेही नव्हते.