खुलासा : न्यूरेंबर्गचं सोन्याचं कोकरू

‘१७०० साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये लोक इवल्याशा सोन्याच्या नाण्यांनी पाव विकत घेत’ असा मेसेज फोटोसह फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, ही माझी चूक. फोटोतलं नाणं खरं आहे : पृथ्वीगोलावर उभं, झेंडा घेतलेलं कोकरू. पण ते डुकाट या सोन्याच्या नाण्याचा बत्तिसावा भाग. डुकाट सुमारे ३.४९ ग्रॅमचा, म्हणजे हे जेमतेम ०.११ ग्रॅम! बोटावरून फुंकरीनं उडेल. रोजच्या खरेदीला क्रॉयट्झर, फेनिग अशी कमी किमतीची नाणी होती. ही कोकरं मुख्यतः बाप्तिस्म्याला, नववर्षाला भेट देत. शिवाय १७०० हेच साल ठेवून ती नंतरही पाडली गेली, त्यामुळे सालावरून वय ठरत नाही. कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका.