वरच्या गटाचं दार मैदानावरच उघडलं पाहिजे

इंग्लंडमधल्या रग्बी लीगबद्दल आज थोडं सविस्तर लिहितोय. गेली काही वर्षं हा खेळ मी मनापासून बघतो आणि सध्या तिथे जे चाललंय ते मला अजिबात पटत नाही.

आधी ओळख करून देतो. ही पंधरा जणांची रग्बी नाही, तेरा जणांची. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा पकडी मिळतात, तेवढ्यात गुण झाले नाहीत तर चेंडू समोरच्यांकडे. कबड्डी खेळलेल्या माणसाला हा खेळ दहा मिनिटांत कळतो. यॉर्कशायर आणि लँकशायरमधल्या खाणकामगारांनी, गिरणीकामगारांनी तो वाढवला. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे कामावर खाडा आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. ती भरपाई द्यायला लंडनचे रग्बीवाले तयार होईनात, म्हणून 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. कष्टाचं मोल मिळावं या मागणीतून जन्मलेला हा खेळ आहे.

आता मुद्द्यावर येतो. सुपर लीग हा सगळ्यात वरचा गट, त्याखाली चॅम्पियनशिप. खालचा विजेता वर जाणार, वरचा शेवटचा खाली येणार, हा साधा नियम होता. पण आयएमजी या कंपनीशी 2022 मध्ये बारा वर्षांचा करार झाला आणि त्यातून गुणांकनाची पद्धत आली. प्रत्येक क्लबला वीसपैकी गुण. प्रेक्षक आणि चाहते यांचे पाच, मैदानावरच्या कामगिरीचे पाच, आर्थिक बाजूचे साडेचार, स्टेडियमचे तीन, उरलेले अडीच आसपासची वस्ती आणि समाजकार्याचे. 2025 च्या मोसमापासून सुपर लीगमध्ये कोण खेळणार हे मुख्यतः या गुणांवर ठरायला लागलं. म्हणजे मैदानावर काय केलंत याला वीसपैकी पाचच गुण!

याचा पहिला मोठा फटका लंडन ब्रॉन्कोजला बसला. ऑक्टोबर 2023 मध्ये या संघाने फ्रान्समधल्या टूलूझला जाऊन, टूलूझच्याच प्रेक्षकांसमोर, चॅम्पियनशिपचा अंतिम सामना 18-14 असा जिंकला. कुणाच्या ध्यानीमनी नसताना वर आले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तात्पुरते गुण जाहीर झाले. त्यात लंडन चोविसावं, आणि वर जागा बाराच. म्हणजे 2024 चा मोसम सुरू होण्याआधीच जवळपास ठरल्यासारखं झालं, की तुम्ही कितीही चांगलं खेळा, वर्षाच्या शेवटी खालीच जाणार. अशा संघात कोण येईल? कोण पैसा घालेल? तरी ती मुलं वर्षभर झुंजली. 27 पैकी तीन सामने जिंकले. त्यांच्या वर राहिलेल्या हल एफसीनेही तीनच जिंकले होते. त्या पोरांनी जे केलं त्याबद्दल मला फार आदर आहे, आणि ज्यांनी त्यांच्यावर ही वेळ आणली त्यांचा मनापासून राग येतो.

बंद दाराची, म्हणजे मैदानावरच्या निकालाने वर-खाली जाणं थांबवण्याची, बाजू घेणारे म्हणतात की खाली जायच्या भीतीने क्लब उधळपट्टी करतात आणि बुडतात. या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. 2016 चा 'मिलियन पाउंड गेम', म्हणजे सुपर लीगमध्ये कोण राहणार हे ठरवणारा सामना, आठवा. शेवटची दोन मिनिटं उरली होती, हल केआर (हल एफसीच्याच शहरातला, पण वेगळा क्लब) 18-10 ने पुढे. सॅलफर्डने दोन ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत गॅरेथ ओब्रायनच्या ड्रॉप गोलवर (चेंडूला टप्पा देऊन मारलेल्या, एका गुणाच्या किकवर) 19-18 ने जिंकले. हल केआर खाली. अशा एका संध्याकाळी खेळाडूंच्याच नव्हे, ऑफिसातल्या माणसांच्याही नोकऱ्या टांगणीला लागतात. ही क्रूरता कमी व्हायलाच हवी.

पण दार बंद केल्याने क्लब वाचतात का? 2009 ते 2014 मध्ये वरच्या गटात खेळायला परवान्यांची पद्धत होती, 2014 चा शेवट सोडला तर कुणी आपोआप खाली जात नव्हतं. त्याच काळात वेकफील्ड आर्थिक डबघाईमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला. चार वेळा सुपर लीग जिंकलेला ब्रॅडफर्डही 2012 ला तसाच गेला. वेल्सचा क्रुसेडर्स तर 2011 ला बाहेरच पडला. आणि नव्या गुणांकनात पहिल्या बारात बसलेल्या सॅलफर्डने 2025 चा पहिलाच सामना सेंट हेलेन्सकडून 82-0 ने गमावला, कारण आर्थिक निर्बंधांमुळे नेहमीचे खेळाडू उतरवताच आले नाहीत. वर्षभर तिथे पगार रखडत होते. मग या गुणांनी नेमकं कुणाचं रक्षण केलं?

आपल्याकडे आयपीएल बघून बंद लीग स्वाभाविक वाटते. पण आयपीएलचे संघ लिलावातून तयार झाले. हे क्लब लीगपेक्षा जुने आहेत. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये भर पावसात खालच्या डिव्हिजनचा क्लब वर जायला धडपडतो आणि वर गेलेला तिथे टिकायला जीव काढतो. त्या धडपडीमुळेच मोसमातल्या शेवटच्या सामन्यांनाही किंमत असते. फेदरस्टोनसारख्या खाणीच्या छोट्या गावाने तीनदा चॅलेंज कप, म्हणजे बाद फेरीची मोठी स्पर्धा, जिंकलाय. लोकसंख्येचे गुण या गावाने कुठून आणायचे?

आणि खाली गेलेला संपतो असंही नाही. तोच हल केआर 2017 ला परत वर आला. 2020 ला तळाला होता, पण कोविडमुळे त्या वर्षी कुणालाच खाली पाठवलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. 2025 ला त्याच क्लबने चॅलेंज कप, गुणतक्त्यात पहिला येण्याची लीग लीडर्स शील्ड आणि सुपर लीगचा अंतिम सामना म्हणजे ग्रँड फायनल, तिन्ही जिंकलं. चाळीस वर्षांत एकही मोठी ट्रॉफी नव्हती. ले या क्लबने 2022 ला वर येऊन पुढच्याच वर्षी चॅलेंज कप नेला.

माझं म्हणणं इतकंच: हिशेब, स्टेडियम, तरुण खेळाडूंची तयारी यांच्या किमान अटी ठेवा, त्या दोन वर्षं आधी सांगा, आणि त्या पूर्ण करणाऱ्या चॅम्पियनशिप विजेत्याला थेट वर घ्या. खाली जाणाऱ्याला दोन वर्षं मदतनिधी द्या म्हणजे माणसं रस्त्यावर येणार नाहीत. 2026 साठी सुपर लीगचे बाराचे चौदा संघ केले तेव्हा काय झालं बघा. चॅम्पियनशिपचा अंतिम सामना टूलूझने यॉर्कविरुद्ध 10-8 असा जिंकला. पण या दोघांनाही एका समितीच्या निर्णयाची वाट बघावी लागली, आणि त्या सामन्यात नसलेला ब्रॅडफर्ड गुणांच्या जोरावर थेट आत गेला. समितीने दोघांना घेतलं, चांगलंच केलं. पण टूलूझची जागा त्या 10-8 ला, शेवटची शिट्टी वाजली तेव्हाच, पक्की व्हायला हवी होती.