वाळू चिकटते ती लपण्यासाठी नाही

सँड व्हर्बिना या वाळूत वाढणाऱ्या रानफुलझाडावरचा लेख मस्त, फक्त एक गोष्ट खटकली. पानांवर वाळू चिकटते ती झाड लपावं म्हणून असं लिहिलंय, पण २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हेच तपासलं होतं, वाळवंटातली जांभळी सँड व्हर्बिना नव्हे तर तिची किनाऱ्यावरची पिवळी बहीण घेऊन. काही पानांवरची वाळू काढली तर ती पानं जास्त कुरतडली गेली, मग काही देठांना जमिनीसारखी तपकिरी वाळू लावली आणि काहींना चक्क देठाच्याच रंगाची हिरवी, तरी दोन्ही सारखीच वाचली! म्हणजे रंगाचा संबंध नाही, दाताखाली कचकच येते म्हणून किडे तोंड लावत नाहीत, भाजीत वाळू राहिली की आपलं होतं तसंच. जांभळीचं देठ भिंगातून बघा, बारीक चिकट केसांच्या टोकाला वाळूचे कण अडकलेले दिसतात. अर्थात हे चिलखत काही शंभर टक्के नाही हां, स्फिंक्स पतंगाच्या जाड्याजुड्या अळ्या वाळूसकट फडशा पाडतात आणि गंमत म्हणजे मोठे झाल्यावर तेच पतंग संध्याकाळी वास घेत याच फुलांवर मध प्यायला येतात 😄