गोल्फमधलं नवं फक्त पैशातून येतं? नाही.

सोलापुरात, पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘गोल्फमधलं संशोधन म्हणजे बड्या कंपन्यांचा पैसा. श्रीमंतांनी श्रीमंतांसाठी केलेलं. कापडवाल्यांनी त्यातून काय घ्यायचं? शिवाय ती पाणी पिणारी मैदानं!’ एकेक मुद्दा घेतो.

‘बड्या कंपन्यांचा पैसा.’ कार्स्टन सोल्हाइम बूटदुरुस्तीच्या दुकानात वाढले, पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाले. गोल्फ हाती धरला तो चाळिशी उलटल्यावर. पटरने, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलायच्या काठीने, चेंडू सरळ जाईना, म्हणून १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःच पटर घडवला. सगळी करामत वजनाच्या मांडणीत होती. पटरच्या डोक्याचं मधलं वजन त्यांनी त्याच्या दोन्ही टोकांकडे नेलं. टोकांना भरल्या घागरी असलेली कावड चटकन गिरकी घेत नाही, तसंच हे. चेंडू मध्यावर लागला नाही, तरी पटरचं तोंड फारसं वळत नाही. टोला बसला की ‘पिंग’ असा आवाज यायचा, पटरला तेच नाव पडलं. नोकरी त्यांनी सोडली ती थेट १९६७ मध्ये. मला यात आपले जॉबर दिसतात, माग कुठे अडतोय ते नुसत्या आवाजावरून ओळखणारे.

‘श्रीमंतांनी केलेलं.’ लाकडी टीचं, म्हणजे टोल्यासाठी चेंडू ज्यावर ठेवतात त्या खुंटीचं, १८९९चं पेटंट बोस्टनचे दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांचं. त्यांचे आईवडील गुलामीतून सुटलेले. तोवर चेंडू ओल्या वाळूच्या ढिगावर ठेवत. खेळ महाग आहे, हे मान्यच. पण इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय अली शेर (१९९१) आधी कॅडी होते, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे.

‘कापडवाल्यांनी काय घ्यायचं?’ हे वाक्य मला लागलं. १९९१ मध्ये बिग बर्था हा ड्रायव्हर (लांब टोल्याची काठी) आणणारे एली कॅलवे हे बर्लिंग्टन या अमेरिकेतल्या मोठ्या कापड कंपनीचे अध्यक्ष होते! गोल्फच्या धंद्यात उतरले साठी ओलांडून. नेम चुकणारा हौशी खेळाडू हेच आपलं गिऱ्हाईक, हे त्यांनी ओळखलं आणि ड्रायव्हरचं डोकंच मोठं केलं. चादरीपलीकडे आपलं काही चालणार नाही म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

राहिलं पाणी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावाने हा आक्षेप घ्यायलाच हवा. पण त्यावरही काम झालंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या मैदानावर गोल्फची मैदानं आखणाऱ्या बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये सुमारे ३५ एकरांवरची हिरवळ उखडून वाळू आणि रानगवत ठेवलं. स्प्रिंकलर साधारण १,१५० होते, ते ४५० वर आले. २०१४ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा त्याच तपकिरी मैदानावर झाली.