‘संस्कृत घ्या, पंच्याण्णव पक्के’: त्या मेसेजला एका संस्कृतच्या बाईंचं उत्तर

एप्रिल उजाडला की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो एकाच दिवसात मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघी माझ्याच वर्गातल्या मुलांच्या आया. मजकूर थोडक्यात असा: “आठवीला मुलाला संपूर्ण संस्कृतच घेऊन द्या. पंच्याण्णवच्या खाली कुणी येतच नाही. नाहीच जमलं तर बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये तो विषय गळून जातो, नुकसान काहीच नाही. संयुक्त घेणं म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. हिंदी सगळ्यांना येतेच, ती शिकायची कशाला? आयुर्वेदाला जायचं तर संस्कृत लागतंच. आणि संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा, हे नासाने मान्य केलं आहे.”

आमच्याकडे आठवीला तीनांतून एक निवडायचं असतं: हिंदी, संपूर्ण संस्कृत, किंवा दोन्ही अर्धं-अर्धं असलेलं संयुक्त. मी नाशिकरोडला माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवते, एकोणीस वर्षं झाली. विषय माझा, कौतुकही माझ्याच विषयाचं. तरीही हा मेसेज पुढे पाठवू नका असं मी हात जोडून सांगते. त्याच्यापायी चुकीच्या वर्गात येऊन बसलेली मुलं मी दरवर्षी पाहते, आणि त्यांची तीन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत जातात.

पहिली गोष्ट, “पंच्याण्णवच्या खाली कुणी येतच नाही.” संस्कृतला गुण चांगले पडतात हे खरं आहे आणि त्याला कारणं आहेत. व्याकरणाच्या प्रश्नाला उत्तर एकच असतं. रूप बरोबर असेल तर पूर्ण गुण, तपासणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. शिवाय काही उत्तरं माध्यमभाषेत, म्हणजे आपल्या मुलांना मराठीत लिहिता येतात. पण संपूर्ण संस्कृतच्या वर्गात बसतं कोण, तेही बघा. बऱ्याचदा सातवीपर्यंत पहिल्या दहा-पंधरांत असलेलीच मुलं. काही शाळा तर आधीचे गुण पाहूनच या वर्गात घेतात. आडातच पाणी होतं, म्हणून पोहऱ्यात आलं. हीच मुलं हिंदीच्या वर्गात बसली असती तर तिथला निकालही उंच दिसला असता. आणि पंच्याण्णवच्या खाली येणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांचे आईवडील ते गुण ग्रुपवर टाकत नाहीत, इतकंच.

पाठांतरावर संस्कृत निघतं ही समजूत याच मुद्द्याला चिकटून येते. गेल्या वर्षी चाचणीत मी एक साधं वाक्य भाषांतराला दिलं होतं: ‘नगरात् बहिः द्वे वने स्तः।’ नगराबाहेर दोन वनं आहेत, एवढाच अर्थ. एका मुलाने लिहिलं, “नगराबाहेर दोन वनात आहेत.” त्याला ‘वने’ म्हणजे ‘वनात’ हे पाठ होतं आणि ते चूकही नाही, सप्तमीचं एकवचन तसंच होतं. पण ‘वने’ हे प्रथमेचं द्विवचनही आहे, म्हणजे ‘दोन वनं’, आणि शेजारी ‘द्वे’ (दोन) आणि ‘स्तः’ (दोन आहेत) उभे राहून तेच ओरडून सांगत होते. मी विचारलं, “दोन वनात काय आहे रे?” तो म्हणाला, “बाई, ते वाक्यात दिलेलं नाही.” मुलगा कष्टाळू आहे. वनं किती, हे पाहण्यासाठी वाक्याच्या आत शिरावं लागतं आणि ते त्याने कधी केलंच नव्हतं, कारण त्याला हा विषय गुणांची पोतडी म्हणून हातात दिला होता. ज्याला हे कोडं सोडवताना मजा येते त्याला संस्कृतइतकी सुंदर भाषा नाही, आणि त्याचे गुण आपोआप येतात.

दुसरा मुद्दा सगळ्यांत फसवा आहे: “नाहीच जमलं तर गळून जातो.” दहावीला सहा विषय, सहाशे गुण. २०१० पासून त्यातले सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढतात, हेच ते ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. पण राहिलेला सहावा विषय टक्केवारीतून वगळतात, परीक्षेतून वगळत नाहीत. त्यात उत्तीर्ण व्हावंच लागतं. आणि गळायला जागा एकच असते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नाही.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा एका मुलाला मराठीत ८२, इंग्रजीत ७८, गणितात ७०, विज्ञानात ७६ आणि सामाजिक शास्त्रांत ८४ गुण आहेत. त्याने हिंदी घेऊन ८० मिळवले, तर गणिताचे ७० गळतात, बेरीज ४०० आणि टक्के ८०. त्याने आवडीने संस्कृत घेऊन ९२ मिळवले, तर बेरीज ४१२, म्हणजे ८२.४० टक्के. आता त्याला संस्कृत बळेच घ्यायला लावलं आणि तो ६० वर अडकला असं धरा. मग गळतं संस्कृत, आणि गणिताचे ७० गुण बेरजेत येऊन बसतात. बेरीज ३९०, टक्के ७८. जो आधार गणितासाठी होता तो संस्कृतने खाल्ला. हिंदीवाल्या स्वतःपेक्षा तो दोन टक्क्यांनी मागे पडला, आणि ‘नुकसान काहीच नाही’ म्हणणारा ग्रुपवर पुढचा मेसेज पाठवून मोकळा झाला. यात आठवड्याच्या तासिका आणि शिकवणीचे पैसे मी धरलेलेच नाहीत.

आणि आठवीत बसून दहावीच्या गुणांचा हिशेब करायचा, तर त्या मधल्या काळात नियम तेच राहतील याची हमी कोण देणार? २०१९ ची दहावी आठवा. त्या वर्षी भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत, म्हणजे शाळेतच तोंडी परीक्षा वगैरे घेऊन दिले जाणारे, वीस गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते वीस गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ च्या मुलांनी विषय निवडले तेव्हा यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. ज्यांना आपला विषय आवडत होता ती मुलं त्या वर्षीही लेखी पेपरात निभावली. केवळ तोंडी परीक्षेच्या आधारावर उभी असलेली कोसळली. मी त्यांना रडताना पाहिलंय.

नासाचं काय? मेसेजमधल्या या ओळीने मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण तिच्या मागे एक खरी आणि चांगली गोष्ट आहे. १९८५ साली रिक ब्रिग्ज या नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकाने ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ फोडून दाखवायचे: क्रिया कोणती, ती करणारा कोण, कशाने केली, कुणासाठी, कुठून, कुठे. ही फोड संगणकाला अर्थ समजावून देण्यासाठी तेव्हाचे शास्त्रज्ञ जी जाळी विणत होते तिच्याशी जुळते, असं त्याचं म्हणणं. तो एका माणसाचा लेख होता. नासाने कसलाही ठराव केला नाही, संस्कृतला पहिला नंबर दिला नाही, आणि संस्कृतात प्रोग्रॅम लिहा असं त्या लेखातही नाही. त्याच्याही आधी, १९६७ साली, पी. झेड. इंगरमन या संगणकतज्ज्ञांनी सुचवलं होतं की प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे नियम मांडायच्या एका पद्धतीला पाणिनीचंही नाव द्यावं, कारण तशी मांडणी त्याने कितीतरी शतकं आधी केली होती. सुमारे ४००० छोट्या सूत्रांत एक अख्खी भाषा बांधणारा माणूस. त्याला मोठं करायला नासाचं प्रमाणपत्र कशाला हवं?

पण म्हणून आठवीतलं पोर संस्कृत घेऊन संगणकतज्ज्ञ होत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने जुलैत, तास संपल्यावर, टेबलाशी येऊन मला विचारलं, “बाई, कोडिंग कधीपासून?” त्याच्या वहीत तेव्हा ‘देव’ शब्द तृतीयेपर्यंत आला होता. घरी सांगितलेलं त्याने खरं मानलं होतं. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

आयुर्वेदाचं थोडक्यात सांगते. बीएएमएसचा, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचा, प्रवेश नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. दहावीला संस्कृत असण्याची अट नाही, आणि लागणारं संस्कृत पहिल्या वर्षी कॉलेजातच शिकवतात. आधी शिकलेल्याला ते सोपं जातं, हे मान्य. पण हिंदी घेतलेल्या मुलाचा रस्ता त्यामुळे बंद होत नाही.

संयुक्ताला नावं ठेवणंही थांबवा. पन्नास गुणांचं संस्कृत, पन्नास गुणांची हिंदी. ज्या मुलाला दोन्हीची थोडी गोडी आहे किंवा अजून ठरवता येत नाही, त्याच्यासाठीच ती सोय आहे. माझे कितीतरी चांगले विद्यार्थी संयुक्तमधले आहेत.

राहिली हिंदी. “सगळ्यांना येतेच.” खरंच येते का? मराठी माणसाला हिंदी येते असं वाटतं तिथेच तो जास्त घसरतो, कारण शब्द ओळखीचे दिसतात. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे सजा. उर्दूच्या अंगाने येणारा राजीनामा म्हणजे तडजोड, आपल्याकडे नोकरी सोडणं. आपल्या भागातली द्राक्षं आणि कांदा उत्तरेकडे जातात, व्यवहार हिंदीत होतात, आणि आपण म्हणतो ही भाषा शिकायची गरज नाही.

याच एप्रिलमध्ये जवळच्या शिंदे-पळसे गावांकडची एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. फोनवर तोच मेसेज उघडलेला. “मॅडम, हिला संस्कृतच द्या.” मुलगी गप्प. मी विचारलं, “तुला काय आवडतं गं?” ती म्हणाली, “हिंदी.” आई रागावली. मग मुलीनेच सांगितलं. घरी द्राक्षबाग आहे. खुडा झाला, माल गेला, कोलकात्याकडच्या व्यापाऱ्याकडे पैसे अडकले. वडिलांनी तगादा लावला तेव्हा त्याचा मेसेज आला, ‘पैसे भेजने की पूरी चेष्टा कर रहा हूँ’. वडील संतापले, पैसे तर देत नाहीस आणि वर चेष्टा करतोस? फोन करून भांडायलाच निघाले होते. या सातवीतल्या पोरीने त्यांना थांबवलं, “पप्पा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.” पाचवीपासून तीन वर्षं शिकलेली हिंदी होती ती. हे सांगताना तिची मान पहिल्यांदा वर झाली.

मी आईला म्हटलं, “ताई, संस्कृत हिने अजून एक दिवसही पाहिलेलं नाही. शाळा अजून चालू आहे, हिला उद्या-परवा माझ्या आठवीच्या दोन तासांना बसू द्या. एखाद्या मोठ्या मुलीची वही घरी न्या. मग अर्ज भरा.” हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दुसऱ्या दिवशी ती आली, मागच्या बाकावर बसली. मन लावून ऐकलं, फळ्यावरचं उतरवून घेतलं, एका प्रश्नाला हातही वर केला, आणि उत्तर बरोबर होतं. मला वाटलं, आता ही माझ्याच वर्गात येणार.

शनिवारी आई अर्ज घेऊन आली. संस्कृतपुढची खूण खोडून हिंदीपुढे केली होती, आणि खोडल्याच्या शेजारी आईचीच सही होती. मी तो अर्ज हिंदीच्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्यांना म्हटलं, “ही मुलगी चांगली आहे, हिच्याकडे लक्ष द्या.”